पिकअप नवा, घरघर जुनीच: इलेक्ट्रिक गिटारचा नॉईज नेमका कुठून येतो?

कोल्हापुरात इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार आहे. गिटार अँपला जोडली की घूंऽऽ सुरू. कुणीतरी जाणकार सांगतो, ‘भावा, पिकअप गंडलाय, बदलून टाक.’ पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेला, त्यांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग. मग पुण्या-मुंबईहून नाहीतर ऑनलाइन नवा पिकअप येतो, बसतो. थोडे दिवस ‘जरा कमी झाल्यासारखं वाटतंय’ असं एकमेकांना सांगून होतं आणि शेवटी गिटार दुरुस्तीला माझ्या टेबलावर येते. ‘काय लगा, पैसं बी गेलं आन् घरघर बी तशीच!’

अशा बऱ्याच गिटारींचा मूळ पिकअप ठणठणीत असतो. सिंगल कॉईल, म्हणजे तारेच्या एकाच गुंडाळीचा पिकअप, काढून त्या जागी दुसरा सिंगल कॉईल बसवला, तर तोही घूं करणारच. कितीही महाग घ्या, त्याची घडणच तशी आहे. दोन गुंडाळ्यांचा हमबकर बसवला तर घूं जातो, पण त्याच्या जोडीला जी चिरचिर असते ती राहते. गिटारच्या नॉईजमध्ये बहुतेक वेळा दोन वेगळे आवाज एकत्र ऐकू येतात. ते येतात वेगळ्या वाटेने आणि जातातही वेगळ्या उपायाने. हे न पाहता खर्च केला की तक्रार फिरून परत येते.

आवाज ओळखायचा कसा

पहिला आवाज जाड, खालच्या सुरातला घूं. आपल्याकडची वीज २३० व्होल्टची आणि ५० हर्ट्झची. भिंतीतलं वायरिंग, अँपचा ट्रान्सफॉर्मर, जुन्या ट्यूबलाइटचा चोक, पंख्याची मोटर या सगळ्यांभोवती त्याच गतीने बदलणारं चुंबकीय क्षेत्र असतं. सिंगल कॉईल पिकअप म्हणजे चुंबकांभोवती हजारो वेढे दिलेली बारीक तांब्याची तार. वरची पोलादी तार हलली की क्षेत्र बदलतं आणि कॉईलमध्ये व्होल्टेज तयार होतं. पण क्षेत्र कुणामुळे बदललं हे कॉईल विचारत बसत नाही. ट्रान्सफॉर्मरमुळे बदललं तरी ती तितक्याच इमानाने अँपला कळवते.

हा घूं कानाने पकडायची एक खूण आहे. सर्वांत जाड ई तारेवर तिसऱ्या फ्रेटला जी वाजवा. तो ९८ हर्ट्झचा सूर. घरघर त्याच्या अगदी शेजारी, किंचित चढी लागली, तर ती १०० हर्ट्झची, म्हणजे विजेच्या ५० हर्ट्झची दुप्पट. मग गिटार तिच्या उगमापाशी नाही, वीज आहे एवढं नक्की.

दुसरा आवाज बारीक आणि तिखट, बझ्झ किंवा चिरचिर म्हणावा असा. हा विद्युत क्षेत्रातून येतो. एलईडी दिव्यातला ड्रायव्हर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, डिमर, मोबाइलचा स्वस्त चार्जर हे त्याचे नेहमीचे धनी. गिटारच्या पोकळीतल्या उघड्या वायरी तो गोळा करतात, आणि गिटार पोटाशी धरून बसलेलं तुमचं शरीरही अँटेनाचंच काम करतं.

आता चाचण्या. मीटर, सोल्डरिंग गन काही लागत नाही.

अँपवर गेन, म्हणजे सिग्नल किती मोठा करायचा तो नॉब, थोडा वाढवा, गिटार गळ्यात घाला, फिरत्या खुर्चीवर बसा आणि अगदी सावकाश गोल फिरा. एका दिशेला घूं फुगत जाईल, तिथून साधारण काटकोनात वळलात की जवळजवळ बुडेल. पुढे वळलात की परत वर येईल. माझ्या खोलीत अँपकडे तोंड केलं की पिकअप ओरडतो आणि खिडकीकडे वळलं की गप्प बसतो. अँप चार हात लांब नेला की हा फरकही निम्म्याहून कमी होतो. वळल्यावर आवाज असा बदलत असेल तर तो चुंबकीय घूं आहे. तुमचा पिकअप बिघडलेला नाही, तो सिंगल कॉईल आहे, एवढंच.

तीन सिंगल कॉईल आणि त्यांतून निवड करायचा पाच घरांचा स्विच असलेली गिटार असेल तर काम आणखी सोपं. अशा बहुतेक नव्या गिटारींत मधला पिकअप उलट वेढ्यांचा आणि उलट चुंबकाचा असतो. त्यामुळे स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या घरात टाकला, की दोन पिकअप मिळून घूं एकमेकांत खलास करतात. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या घरात घरघर आणि दोन-चारमध्ये शांतता, असं असेल तर पिकअप, वायरिंग, जॅक सगळं जागच्या जागी आहे असं खुशाल समजा. ‘माझी गिटार दोन नंबरला गप्प बसते, म्हणजे बाकीचे पिकअप गेलेत’ हा निष्कर्ष मी इतक्या वेळा ऐकलाय, की आता मी फोनवरच स्विच फिरवायला सांगतो.

तारांना हात लावून पाहणं ही तिसरी चाचणी. हात लावल्यावर चिरचिर कमी झाली तर ते बरोबरच आहे. ब्रिजला, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा जिथे अडकवतात त्या धातूच्या भागाला, आतून अर्थची वायर जोडलेली असते, हात लावला की तुमचं शरीरही त्या अर्थला जोडलं जातं आणि त्याने गोळा केलेला बझ खाली जातो. ही गिटार बिघडलेली नाही, तिला शील्डिंग, म्हणजे बझ अडवणारं आतलं धातूचं अस्तर, कमी आहे. तारांना हात लावून काहीच फरक पडत नाही, पण केबलच्या पिनच्या धातूला बोट लावलं की आवाज पडतो, असं झालं तर ब्रिजकडे जाणारी अर्थची वायर तुटली आहे किंवा तिचा सोल्डर सुटलाय. आणि हात लावल्यावर आवाज उलट वाढत असेल तर जॅकवरच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या असण्याची शक्यता दाट. हे नवी गिटार दुकानातून आणल्यावर सहसा दिसत नाही. कुणीतरी हौसेने जॅक बदलला की दिसतं.

शेवटी गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर आणा. आवाज गेला तर तो पिकअपकडून किंवा त्याच्या वायरिंगकडून येत होता. शून्यावरही तसाच राहिला तर पिकअपचा काही संबंध नाही. केबल, जॅक, अँप, पेडलचा (पायाने चालवायच्या इफेक्टच्या डबीचा) अडॅप्टर किंवा घरची वीज, यांपैकी कुणीतरी आहे. पिकअपवर पैसे घालवायच्या आधी या एका नॉबला हात लावायला काय जातं?

नुसता हिस्स आवाज, पाऊस पडल्यासारखा, तो गेनचा. डिस्टॉर्शन पेडल पूर्ण उघडून ठेवलं तर तो येणारच, त्याला पिकअप बदलून उपयोग नाही.

भिंतीतला दोष

शिवाजी पेठ, मंगळवार पेठ अशा जुन्या भागांतल्या घरांत अजून दोन पिनांचे पॉइंट सापडतात. त्याहून घातक म्हणजे नवीन दिसणारा तीन पिनांचा सॉकेट, ज्याच्या वरच्या मोठ्या भोकाच्या मागे वायरच नसते. अँपच्या चेसिसला अर्थच मिळाला नाही, तर गिटारच्या आतली सगळी अर्थिंग, तांब्याची पट्टी, ब्रिजची वायर हे अधांतरी लटकतं. गिटार आतून कितीही सुधारा, बझ जात नाही.

इलेक्ट्रिशियनला बोलावून मल्टिमीटरने तीन रीडिंग घ्यायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्ट. फेज-अर्थचा आकडा फारच कमी दाखवत असेल किंवा काटा नाचत असेल तर अर्थ नावालाच आहे. ज्यांच्याकडे मीठ-कोळसा भरलेला जुन्या पद्धतीचा अर्थिंगचा खड्डा आहे, त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एप्रिल-मेमध्ये जमीन सुकते आणि खड्ड्याचा रोध वाढतो. पावसाळ्यात गप्प असलेली गिटार उन्हाळ्यात पुन्हा चिरचिरायला लागली, तर खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून पाहा. पिकअपपेक्षा स्वस्त पडतं.

इथे एक इशारा. घूं जावा म्हणून अँपच्या प्लगची अर्थ पिन काढणारे किंवा तिला टेप गुंडाळणारे मी पाहिलेत. तसं केल्यावर कधी कधी आवाज खरंच कमी होतो, कारण दोन उपकरणांच्या अर्थमध्ये तयार झालेलं वेटोळं तुटतं. पण मग अँपमध्ये आत काही बिघडलं की २३० व्होल्ट तारांवर येतात, आणि समोर दुसऱ्या अर्थवर असलेला माइक असतो. गाताना ओठांना झिणझिण्या येतात ते हेच. अशा वेळी मीटर एसी व्होल्टवर लावून एक टोक तारेला, दुसरं माइकच्या जाळीला लावा. तिथे मोजण्यासारखे व्होल्ट दिसले, की कार्यक्रम थांबवून आधी लाइन दुरुस्त करून घ्यायची. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, असला तर जीव वाचू शकतो. अर्थचं वेटोळं तोडायचंच असेल तर डीआय बॉक्सवर (गिटारचा सिग्नल मिक्सरला देणारी डबी) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते सिग्नलच्या बाजूने तोडतं. विजेचा अर्थ तोडायचा नाही.

मंडळाच्या स्टेजवर घोटाळा वेगळा असतो. गणपतीत आणि नवरात्रात लाइट आणि साउंड एकाच फेजवर, एकाच एक्स्टेन्शनवर. एलईडी पार म्हणजे स्टेजचे रंगीत दिवे, डिमर, पडद्यामागची एलईडी वॉल, सगळ्यांचा कचरा त्याच लाइनमध्ये. घरी गप्प असलेली गिटार तिथे रडायला लागते आणि गिटारवाला पिकअपला शिव्या घालतो. मंडपवाल्याला आधीच सांगून साउंडला वेगळी लाइन घ्या. जनरेटर असेल तर त्याचा अर्थचा रॉड जमिनीत ठोकलाय का, स्वतः जाऊन बघा.

उद्यमनगरात एका वर्कशॉपच्या माडीवर एक बँड सराव करतो. त्यांची घरघर संध्याकाळी सातनंतर आपोआप जायची आणि रविवारी यायचीच नाही. खाली वेल्डिंग मशीन. त्यांना मी पिकअप विकला असता तर तो घेतलाही असता त्यांनी; सरावाची वेळ पुढे ढकलून भागलं.

लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी एक सोपी गोष्ट. चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवा. किरकिर जागीच थांबली तर दोषी चार्जर. दोन पिनांच्या चार्जरमधून लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर अगदी क्षीण गळती येत राहते, हात फिरवला की खरखरीत लागतं ते त्यामुळेच, आणि तीच यूएसबीमधून गिटार लॅपटॉपला जोडणाऱ्या इंटरफेसमध्ये शिरते. पेडलबोर्डवाल्यांनी अडॅप्टर काढून पेडलमध्ये ९ व्होल्टची बॅटरी घालून बघावं. गप्प झालं की प्रत्येक पेडलला स्वतंत्र आउटपुट देणारा सप्लाय घ्या, एकाला एक जोडत नेलेली माळ सोडा.

झाकण काढल्यावर

गिटार उघडायची वेळ आली असेल तर पिकअपच्या आधी बाकीचं पाहून घ्या.

कोल्हापूरचा पावसाळा धातूला मानवत नाही. जॅकची आतली पट्टी काळवंडते, पकड ढिली होते. केबल हलवली की खर्र-खट्ट आवाज येतो तो इथला. पट्टी हलकेच आत वाकवून, कापडाने पुसून बघायची, नाही जमलं तर जॅक बदलायचा. नॉब फिरवताना खरखर होत असेल तर पॉटच्या, म्हणजे नॉबखालच्या फिरत्या रोधाच्या, फटीतून इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब वीसेक वेळा फिरवा. गंजलेले नटबोल्ट सोडवायचा तेलकट स्प्रे त्यात मारू नका, धूळ चिकटून महिन्याभरात आणखी वाईट होतं.

मग सोल्डर पाहा. स्वस्त गिटारींत व्हॉल्यूम पॉटच्या पाठीवर अर्थच्या चार-पाच वायरी एका ढेकळात गुंफलेल्या असतात. चांगला सोल्डर चकचकीत आणि पसरट असतो. हा मात्र राखाडी, खडबडीत, गोळ्यासारखा वर आलेला दिसतो. लाकडी काडीने प्रत्येक वायर हळूच ढकलून बघा. एखादी अख्खी गोळ्यासकट हलते, खाली पॉटवर नुसती फ्लक्सची पिवळी चिकट खूण राहिलेली असते. ती वायर ब्रिजची निघाली तर तुमचं कोडं तिथेच सुटलं. मीटर कंटिन्युइटीवर लावा, एक टोक ब्रिजला आणि दुसरं जॅकच्या बाहेरच्या कडीला. बीप वाजला पाहिजे.

आता शील्डिंग. पोकळीला आतून आणि पिकगार्डच्या (पिकअप बसवलेल्या वरच्या पातळ झाकणाच्या) मागून तांब्याची चिकट पट्टी लावायची आणि ती अर्थला जोडायची. यामुळे चिरचिर कमालीची कमी होते. पण पातळ तांब्याने ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र अडत नाही. ताडपत्रीने पाऊस थांबतो, दमट हवा थांबत नाही, तसं. ‘शील्डिंग केलं तरी घूं आहेच’ म्हणणाऱ्यांचं शील्डिंग चुकलेलं नसतं, अपेक्षा चुकलेली असते.

पट्टी लावताना दोन गोष्टी सांभाळा. सगळ्या पट्ट्यांचा गोंद वीज वाहून नेणारा नसतो. दोन तुकडे एकमेकांवर चढले तरी आतून तुटक राहतात. मीटरने तपासा, बीप नसेल तिथे सोल्डरचा थेंब टाका. आणि जॅकचं गरम टोक म्हणजे सिग्नलची वायर तांब्याला टेकता कामा नये. टेकली तर गिटार एकदम मुकी होते, आणि गंमत म्हणजे केबल काढली तर टेकत नाही, घातली की जॅकची पट्टी फाकून टेकते. तेवढ्या जागेत आतून इन्सुलेशन टेप लावून टाका. किचनमधला अॅल्युमिनियम फॉइल चालतो का, असं नेहमी विचारतात. चालतो, पण त्याला साध्या सोल्डरने डाग लागत नाही, स्क्रूच्या दाबावर जोड ठेवावे लागतात आणि दोन वर्षांत ते ढिले पडतात. मी वापरत नाही.

किंचाळणारा पिकअप

जोरात वाजवताना, अँपजवळ, चिर्रऽऽ अशी उंच शिट्टी येते आणि तार दाबून धरली तरी थांबत नाही. पिकअपवर नखाने टकटक केलं की स्पीकरमधून माइकसारखी टकटक ऐकू येते. हा दोष खरोखर पिकअपचा. कॉईलचे वेढे किंवा वरचं धातूचं झाकण ढिलं झालं की ते स्वतःच कंप पावतं. यावर जुना इलाज मेणाचा. पॅराफिन मेण चार भाग आणि मधमाशांचं मेण एक भाग, पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळवायचं. त्यात पिकअप बुडवून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ठेवायचा, मग काढून पुसायचा. थर्मामीटरशिवाय करू नका, ताप वाढला की तार गुंडाळलेली प्लॅस्टिकची बॉबिन वाकते. मेण थेट गॅसवर ठेवाल तर पेटेल.

आणि पिकअप पूर्ण मुका असेल तर? मीटर किलोओहमवर लावा. सिंगल कॉईल साधारण ५.५ ते ७ किलोओहम दाखवतो, जुन्या धाटणीचा हमबकर ७.५ ते ९, जोरकस सिरॅमिक चुंबकाचा १४-१६ पर्यंत जातो. आकडाच आला नाही तर कॉईल तुटली आहे. अशा वेळी काहीजण पिकअप घेऊन मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात जातात. आपल्याकडे रिवाइंडिंगच्या कारागिरांची वानवा नाही, पण हे काम वेगळं. यात साधारण ०.०६३ मिलिमीटर जाडीची तार असते, सिंगल कॉईलवर तिचे ८,०००च्या आसपास वेढे. त्यात आणखी एक मेख. परदेशी माहितीत ‘४२ गेज’ लिहिलेलं असतं ते अमेरिकन गेज. आपल्याकडे तार ब्रिटिश गेजने मिळते, आणि तिथली ४२ नंबरची तार ०.१ मिलिमीटरची, म्हणजे दीडपट जाड. बॉबिनवर मावणारच नाही. ब्रिटिश मापात जवळची तार ४६ नंबरची.

बदलायचाच ठरला तर काय घ्यायचं

सगळ्या चाचण्या झाल्या, वीज ठीक, शील्डिंग झालं, चिरचिर गेली, आणि आता फक्त घूं उरलाय. तो सहन होत नाही. आता पिकअप बदलायला खरं कारण आहे.

घूं मारायची युक्ती एकच, ती सत्तर वर्षं जुनी. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हरने दोन कॉईल शेजारी बसवल्या, एकीचे वेढे उलटे आणि चुंबकाचा ध्रुवही उलटा. बाहेरून आलेला घूं दोन कॉईलमध्ये विरुद्ध दिशेने तयार होतो आणि एकमेकांत जिरतो. तारेचा आवाज मात्र दोनदा उलटल्यामुळे सरळ राहतो आणि वाढतो. १९५५ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला, १९५९ साली ते मिळालं. हम मारतो म्हणून नाव हमबकर.

तुमच्या गिटारला तीन सडपातळ खाचा असतील तर पूर्ण हमबकर बसवायला लाकूड आणि पिकगार्ड कापावं लागेल. तो उद्योग मी तरी सुचवत नाही. त्याच मापात दोन कॉईल एकावर एक रचलेले ‘नॉईजलेस’ पिकअप मिळतात, किंवा दोन बारीक कॉईल शेजारी बसवलेले ‘रेल’ पिकअप. रचलेल्यांचा आवाज सिंगल कॉईलच्या जवळ राहतो, वरचा चकचकीतपणा थोडा कमी होतो. रेल जाडजूड, रॉक-मेटलवाल्यांना आवडणारे. ऑर्केस्ट्रात जुन्या मराठी-हिंदी गाण्यांचे स्वच्छ तुकडे वाजवणाऱ्याला ते ठोंबे वाटतील. पी-नाइन्टी दिसायला मोठा असला तरी सिंगल कॉईलच आहे, घूं करतोच. तो घेऊन फसलेले भेटतात.

फक्त ब्रिजकडचा एक बदलला तरी बऱ्याच जणांचं काम होतं. जास्त गेन आपण तिथेच वापरतो आणि घूं तिथेच टोचतो. तिन्ही बदलायची घाई नको. मात्र एकच बदलला तर दुसऱ्या घरातली शांतता बिघडू शकते, कारण मधल्या जुन्या पिकअपची जोडी तुटते.

घेण्याआधी पिकअपवरच्या, तारांखाली येणाऱ्या पहिल्या ते सहाव्या खुंटीमधलं अंतर पट्टीने मोजा. हमबकरमध्ये साधारण ५० आणि ५३ मिलिमीटर अशी दोन मापं चालतात. पॉटही पाहा. सिंगल कॉईलला २५० किलोओहमचे, हमबकरला ५०० किलोओहमचे असा रिवाज आहे. २५० वर हमबकर लावला तर आवाज घोंगडी पांघरल्यागत येतो आणि मग पुन्हा पिकअपला दोष. ईएमजीसारखे अॅक्टिव्ह पिकअप फार शांत असतात, पण त्यांना ९ व्होल्टची बॅटरी आणि २५ किलोओहमचे पॉट लागतात. जुने पॉट ठेवून चालत नाही.

बसवताना

उघडल्या उघडल्या मोबाइलवर दोन-तीन बाजूंनी फोटो काढा. तारा ढिल्या करा, गिटारच्या अंगावर जुना टॉवेल टाका, कारण सोल्डरचा थेंब पॉलिशवर पडला की डाग जन्माचा. पॉटच्या पाठीला सोल्डर लावायला १५ वॅटची गन पुरत नाही. ४० वॅटची, रुंद टोकाची घ्या. लहान गनने मिनिटभर घासत बसलात तर पॉट आतून भाजून निघतो आणि सोल्डर तरीही राखाडीच. पॉटची पाठ आधी बारीक पॉलिश पेपरने घासून घेतली तर डाग पटकन धरतो.

वायरींचे रंग कंपनीप्रमाणे बदलतात, इथे सर्वांत जास्त गफलत होते. सेमूर डंकनच्या चार वायरींच्या हमबकरमध्ये काळी गरम, लाल आणि पांढरी एकमेकींना जोडून टेप मारायची, हिरवी आणि उघडी तार अर्थला. डिमार्झिओमध्ये लाल गरम, काळी-पांढरी एकत्र, हिरवी आणि उघडी अर्थला. एकाचा नकाशा घेऊन दुसऱ्याला जोडलं की कॉईल उलट्या पडतात, आवाज पातळ होतो. उघडी तार तर हमखास विसरली जाते. ती शील्डची असते, अर्थला नाही लागली की नव्याकोऱ्या हमबकरमधून बझ.

पिकगार्ड बंद करण्याआधी अँप हळू लावून स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने प्रत्येक पिकअपवर टकटक करा, प्रत्येक घरात. कोणता चालू, कोणता बंद ते कळतं. मग तारा लावून दोन पिकअपच्या घरात ऐका. आवाज एकदम पोकळ, डबा वाजवल्यासारखा झाला तर एक पिकअप दुसऱ्याच्या उलट फेजमध्ये आहे. चार वायरी असलेल्या पिकअपमध्ये गरम आणि अर्थची वायर अदलाबदल करा, उघडी तार मात्र अर्थलाच ठेवा. एकच शील्डेड वायर असलेल्या पिकअपमध्ये हे करू नका, शील्डच सिग्नलची वायर बनून बझ वाढेल.

उंची लावायला शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा. जाड ईखाली २ मिलिमीटर, पातळ ईखाली १.६, इथून सुरुवात करून कानाने ठरवा. आवाज वाढवायला सिंगल कॉईल तारांच्या अगदी जवळ नेला तर चुंबक तारेला ओढतो, वरच्या फ्रेटवर जाड तार बेसूर, डबल ऐकू येते. त्यासाठी इंटोनेशनचे, म्हणजे ब्रिजवर तारेची लांबी ठरवणारे, स्क्रू पिळत बसू नका, पिकअप खाली घ्या.

काढलेले जुने पिकअप कागदात गुंडाळून, वर ‘ब्रिज’, ‘मधला’, ‘नेक’ लिहून, सिलिका जेलच्या पुडीसोबत डब्यात ठेवा. गिटार कधी विकायला काढलीत तर मूळ पिकअप मागणारा गिऱ्हाईक हटकून भेटतो.